कच्ची वही

प्रकल्पाचं शीर्षक घेऊन पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी ते शेवटाकडून वाचतो. शेवटी ‘एक अभ्यास’ असतंच. हुशार पोरगं असेल तर ‘एक चिकित्सक अभ्यास’. त्याच्या अलीकडे अख्खा मराठवाडा. ‘मराठवाड्यातील पाणीप्रश्न : एक अभ्यास’. ‘मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रीजीवन : एक चिकित्सक अभ्यास’. आठ जिल्हे, एक पोरगं, एक सत्र, आणि गाडीत पेट्रोल बापाच्या पैशाचं.

मी विचारतो, “बाळा, गाव कोणतं तुझं?” गाव सांगतो. “गावात आड किती?” बोटं मोडून सांगतो, “तीन... नाही, चार.” “मग त्या चार आडांवर कर.” तोंड पडतं. आडावर कुणी प्रबंध लिहितं का, असं त्याला वाटतं. त्याचा दोष नाही. वर्गात आपण जी पुस्तकं लावतो त्यात कुणाचंच गाव नसतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मी कुणाचा गाइड नाही, प्रकल्पावर माझी सही लागत नाही. पण आमच्याकडे विज्ञानाची इमारत मैदानाच्या एका बाजूला आणि कला-वाणिज्य दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडची पोरं एका टेबलावर बसतात ती फक्त माझ्याकडे, त्यातही उन्हाळ्यात जास्त, कारण कूलर इथं आहे. त्यामुळे कोण काय करतंय ते मला त्यांच्या गाइडच्या आधी कळतं.

आता हे लिहायचं कारण म्हणजे नवं शैक्षणिक धोरण. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जो आराखडा काढला त्यानुसार पदवी चार वर्षांची घेता येते. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि त्यात 12 श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, प्रबंध असतो. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण 2024-25 ला पहिल्या वर्षाला लागलं, म्हणजे ती तुकडी चौथ्या वर्षात जाईल 2027-28 ला. तोवर दुसऱ्या वर्षाचं फील्ड प्रोजेक्ट आहेच, आणि जुन्या अभ्यासक्रमात काही विषयांना तिसऱ्या वर्षी प्रकल्प होताच. पण ‘प्रबंध’ हा शब्द पदवीच्या पोरांच्या तोंडी पहिल्यांदाच आलाय, आणि झेरॉक्सच्या दुकानांनाही तो कळलाय. आमच्या गावात एका दुकानात विषय सांगितला की तयार प्रकल्प पेनड्राइव्हवर मिळतो. बाइंडिंगचे पैसे वेगळे.

बांधून आलेल्या प्रती बघितल्या तर सगळ्या सारख्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. आत प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश, त्यात आईवडिलांपासून टायपिंग करून देणाऱ्या दादापर्यंत सगळे. मग उद्दिष्टं, गृहीतकं, प्रश्नावली, गोल गोल आलेख, निष्कर्ष, शिफारशी. शिफारशींत शासनाने लक्ष द्यावे हे असतं. प्रश्नावल्या मी चाळतो. गावातल्या पन्नास वेगवेगळ्या माणसांनी एकाच निळ्या जेल पेननं, एकाच तिरकेपणानं बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. एवढं एकमत ग्रामसभेत कधी बघितलं नाही.

म्हणून मी एक सवय लावून घेतलीय. बांधलेली प्रत आली की विचारायचं, कच्ची वही कुठंय? पोरं चमकतात. “सर, ती खराब आहे.” खराबच पाहिजे. घामाचे, चहाचे डाग असलेली, खाडाखोड केलेली, मधेच कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहिलेली. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतात, कधी ना कधी कुणाच्या नजरेला पडतात. पदवीच्या पोरांनी केलेलं काम चढवायला अशी जागा नाही. विभागाच्या कपाटात चार वर्षं राहतं आणि मग महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची टीम येऊन गेली की रद्दीत जातं. त्यात गेलेला निष्कर्ष कुणालाही परत काढता येईल. आजीनं सांगितलेलं वाक्य आणि त्या उन्हाळ्यातली आडाची पातळी परत मिळत नाही. मोबाइल नंबर असलेले पानाचे तुकडे कापून काढतो, बाकी वही ठेवतो.

एका गावावर आमच्याकडे अशा पाच वह्या जमल्यात. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या विषयांच्या. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. गावाला जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. वालूरच्या चक्राकार बारवेसारखी ती नामांकित नाही, चारठाण्यासारखे तिथं अभ्यासक येत नाहीत. गावातली चार पोरं पोहायला जातात आणि श्रावणात बायका दिवा लावतात, एवढाच तिचा वावर.

पहिला आला इतिहासाचा पोरगा. शीर्षक अर्थातच ‘हेमाडपंती बारव’. त्याच्या मॅडमनी विचारलं, हेमाडपंती कशावरून? म्हणाला, काळा दगड आहे, चुना नाही. हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य अधिकारी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आपल्याकडे चुन्याशिवाय रचलेला कुठलाही दगड त्याच्या नावावर जातो, मग ती वास्तू त्याच्या जन्माआधीची का असेना. गावातल्या म्हाताऱ्यांचं मत आणखी सोपं. पांडवांनी एका रात्रीत बांधली. कोंबडा आरवला म्हणून एक बाजू अर्धी राहिली.

शिलालेख नव्हता. मॅडमनी पोराला टेप देऊन बारवेत उतरवलं. पायऱ्यांची उंची, देवकोष्ठांची म्हणजे मूर्तीच्या कोनाड्यांची रुंदी, कुठल्या थरापर्यंत शुष्कसांधी, म्हणजे चुन्याशिवाय रचलेला, दगड आणि कुठून पुढे वीट आणि चुना, सगळं मोजून घे म्हणाल्या. त्याच्या वहीत बारवेचे आडवे-उभे छेद आहेत, पट्टी न लावता काढलेले, पण माप प्रत्येक रेघेवर. शेवटी काळाच्या प्रकरणात त्यानं एवढंच लिहिलं की मूळ बांधकाम शुष्कसांधी आहे, वरच्या थरांची दुरुस्ती नंतरची आहे, आणि शतक ठरवायला हातात पुरावा नाही. त्याचे वडील ग्रंथालयात आले होते एकदा, माझ्यापाशी म्हणाले, “सर, एवढं माप घेऊन काळ नाही सापडला व्हय?” मी म्हणालो, नाही सापडला हे लिहायला जास्त हिंमत लागते. त्यांना ते फारसं पटलं नाही.

याच पोराची एक गंमत सांगतो. बारवेची सरकारी कागदात काही नोंद आहे का ते बघायला तो जुनी कागदपत्रं धुंडाळत होता. आपल्याकडे हा उद्योग सोपा नाही. निजामाच्या राज्यात 1884 पासून सरकारी कारभार उर्दूत आला, गावपातळीवर कुलकर्ण्यांचे कागद मोडीत, आणि 1948 नंतर मराठी. एका बारवेसाठी तीन लिप्या. एक दिवस तो पळत आला. “सर, 1342 ची नोंद सापडली!” यादवांचं राज्य 1317-18 च्या सुमारास बुडालं, म्हणजे त्यांच्यामागोमागची नोंद, असा त्याचा हिशोब. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी कागद वाचून दिला होता, आकडाही बरोबर होता. फक्त तो फसली होता, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली कालगणनेतला. फसलीत 590 मिळवायचे. नोंद निघाली 1932-33 ची, बारवेतून मोट लावून पाणी घेण्यावरच्या भांडणाची. पोरगं दोन दिवस नाराज होतं. मला विचाराल तर भांडण जास्त कामाचं. कोणत्या साली बारवेत भांडण्याइतकं कमी पाणी होतं ते त्यातून कळतं. मोडी मात्र तो नेटानं शिकला. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शासनाची समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्या वेळी तो शेतात सोयाबीन बघत होता. त्याला माणसं घरी शोधत आली.

त्यानंतर वनस्पतिशास्त्राची पोरगी त्याच बारवेत उतरली. तिला दगडाशी देणंघेणं नव्हतं, दगडातून उगवलेल्याशी होतं. लाकडी पट्ट्यांची एक मीटरची चौकट करून ती भिंतीला लावायची आणि आत काय काय आहे ते मोजायची. दक्षिणेची भिंत, म्हणजे जिचं तोंड उत्तरेकडे, तिच्यावर ऊन येत नाही. तिथं हंसराज नेच्याची गर्दी. समोरच्या भिंतीवर कंबरमोडी आणि सुकलेलं गवत. नमुने दाबायला ती माझ्याकडून जुने पेपर मागून न्यायची. आमच्याकडे नाईक सरांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे 1998 चे दोन्ही खंड आहेत. ते घेऊन ती दिवसचे दिवस बसली आणि एकदा वैतागून म्हणाली, सर, हंसराज यात नाहीच! कसा असेल, तो ग्रंथ फुलणाऱ्या झाडांचा, नेच्याला फूल कुठंय. तिच्या गाइडनी नेच्यांसाठी दुसरं पुस्तक मागवायला लावलं. त्या वर्षी आमच्या बजेटात तेवढंच एक पुस्तक घेता आलं, आणि ते वर्षातून एकदाच उघडलं जातं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

दोन्ही वह्या टेबलावर शेजारी ठेवल्या तेव्हा तिचं आणि त्याचं भांडण लागलं. त्याची शिफारस होती, बारवेतला सगळा झाडोरा काढावा. तिची होती, भिंतीवरचा सूक्ष्म अधिवास जसाच्या तसा जपावा. तो म्हणाला, तुझ्या झाडांनी माझी भिंत पडायला लागलीय. ती म्हणाली, तुझी भिंत उन्हात कोरडी पडली तर माझं काहीच उरणार नाही. मग दोघं परत गेले आणि कुठल्या दगडाच्या सांध्यात काय आहे ते एकत्र बघून आले. हंसराजाची मुळं दगडावरच्या धुळीच्या थरातच असतात, सांधा उचकटत नाहीत. पिंपळ उचकटतो. आणि पिंपळ वरून छाटला तर दुप्पट जोमानं येतो, तो काढायचा तर दगड सुटा करून मुळासकट काढावा लागतो, नाहीतर हात लावू नये. दोघांनी आपापली शिफारस बदलली. ग्रामपंचायतीनं त्यानंतर जेसीबी लावून सगळंच साफ केलं, तो भाग वेगळा.

मराठीच्या एका पोरीनं पाण्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मोबाइल पुढे धरून “आजी, ओवी म्हणा” म्हटलं की आज्या लाजायच्या, आठवत नाही म्हणायच्या. मग तिनं कुणाच्या तरी माळवदावरून अडगळीतलं जातं खाली काढलं, पसाभर ज्वारी टाकली आणि खुंटा आजीच्या हातात दिला. ओव्या आपोआप यायला लागल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांच्या गटानं महाराष्ट्रभर फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या ऐकायलाही मिळतात. आमच्या पोरीच्या वहीत त्याच्या कणभर आहेत. पण प्रत्येक ओवीखाली दळणाऱ्या बाईचं माहेर लिहिलंय, आणि त्यामुळे कोणती ओवी नांदेडकडून आली आणि कोणती जालन्याकडून ते दिसतं.

आता चार नंबरचा आड.

रसायनशास्त्राचा एक पोरगा गावातल्या सगळ्या पाण्याची जडता मोजत होता. चार आड, दोन हापसे, एक बोअर आणि बारव. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची, झाकणावर नाही तर बाटलीवर लिहायचं, कारण झाकणं बदलतात. प्रयोगशाळेत 50 मिलिलिटर पाणी, अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग, आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, थेंब थेंब ईडीटीएचं द्रावण. दारूसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. 0.01 मोलर द्रावण असेल तर ब्युरेटमधला एक मिलिलिटर म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम जडता. गणित एवढंच. अवघड असतं ते लाल आणि निळ्याच्या मधलं जांभळं, विशेषतः संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर. त्याच्या वहीत एका पानावर लिहिलंय, “ट्यूब मिचमिचत होती, हे तिन्ही आकडे धरू नये.” मला हे पान फार आवडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडता 200 पर्यंत चांगली, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची. गावात मात्र जारवाले पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात आणि घाबरवतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळेच क्षार, जडता म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, हे त्यांना सांगायला कुणाला वेळ आहे?

त्याच सत्रात समाजशास्त्राची एक पोरगी त्याच गावात बायकांना पाण्याबद्दल विचारत होती. तिची आत्या त्या गावात दिलेली, त्यामुळे राहायची सोय होती. तिची पद्धत छान होती. छापील प्रश्नावली नाही. जमिनीवर खडूनं चौकोन काढायची, एकेक चौकोन एकेका आडाचा, आणि बाईच्या हातात चिंचोके द्यायची. ज्या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते तिथं जास्त चिंचोके ठेवा. बायकांना खेळ आवडला. डाळीवरून पाणी ओळखणं हे तसं रसायनशास्त्रच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून डाळ फुटत नाही, वरण होत नाही, दाणे वेगळे राहतात. प्रत्येक सासुरवाशिणीला हे पहिल्या आठवड्यात कळतं.

दोघं माझ्या टेबलावर समोरासमोर बसलेले. तो म्हणाला, तुझे चिंचोके दाखव. चिंचोक्यांचा क्रम आणि ईडीटीएचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. दोघं खूश. फक्त चार नंबर उलटा. चिंचोक्यांत तो तळाला, सगळ्यात वाईट पाणी. ब्युरेटमध्ये सगळ्यात हलकं.

त्याच्या गाइडनी सांगितलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, परत आण. परत आणलं. पुन्हा तेच. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले. बायकांना काय कळतं, असंही कुणीतरी म्हणालं, आणि तिला ते लागलं. तिच्या टाइप केलेल्या प्रतीत फक्त चिंचोक्यांची सरासरी होती. पण कच्च्या वहीत तिनं प्रत्येक चौकोनाशेजारी बाई काय बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. पहिल्या तीन आडांपुढे असं काही: “लग्न होऊन आले तवापासून ह्याचंच भरते.” “उन्हाळ्यात खाली जाते पर चव चांगली.” “ह्या पाण्यानं केस चिकटतेत.” आणि चार नंबरपुढे जवळपास प्रत्येक पानावर: “तसं म्हणतात बाई.” “जड हाय म्हणतेत.” “आम्ही नाही जात तिकडं.”

चार नंबरचा आड भीमनगरात आहे. गावातल्या बायकांनी त्याचं पाणी कधी काढलंच नव्हतं. त्यांच्या सासवांनीही नाही. ज्या पाण्यात एकीनंही डाळ शिजवली नव्हती त्याला सगळ्यांनी मिळून नापास केलं होतं. आणि आत्याच्या शेजारणीपासून सुरुवात करून एकीनं दुसरीचं नाव सुचवायचं, अशी यादी वाढवल्यामुळे ती यादी गावकुसाच्या आतच फिरत राहिली होती.

ती दुसऱ्या दिवशी भीमनगरात गेली. तिथल्या एका आजीनं चौकोन, चिंचोके सगळं नीट ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, “आमची डाळ शिजती का नाही ते त्यायनी कव्हा बघितलं, पोरी? लोण्यावानी शिजती.” आणि सगळे चिंचोके चार नंबरच्या चौकोनात लोटून दिले. मग भीमनगरातल्या बाकीच्या बायकांकडून तिनं रीतसर विचारून घेतलं, त्यांच्याही उत्तरांत गावातल्या आडांबद्दल “म्हणतात” होतंच. तेही तिनं लिहिलं.

डाळ शिजवून बघायचं ठरलं. प्रयोगशाळेत खायचं काही शिजवायचं नसतं, म्हणून गृहविज्ञानाच्या खोलीत गॅस पेटवला. एकाच दुकानातली तूर, सारखं वजन, सारखं पाणी, उघडं पातेलं, झाकण नाही, मीठ-हळद नाही. बोटानं दाबून दाणा फुटेपर्यंतची वेळ. क्रम ब्युरेटप्रमाणेच आला. शिपाईमामांनी फोडणी घालायला परवानगी मागितली.

पुढं खरी अडचण आली ती लिहायची. त्याच्या विभागाचं म्हणणं, रसायनशास्त्राच्या प्रकल्पात जात कशाला आणायची, आकडे द्या आणि थांबा. तिच्या विभागात उलट, एक सर म्हणाले हा मथळाच करा, पेपरात येईल. तिला दोन्ही नको होतं. आत्याचं घर त्या गावात आहे, आणि भीमनगरातल्या आजीनं तिला चहा पाजलाय. शेवटी तिनं गावाचं नाव काढून टाकलं, आडांना क्रमांक दिले, आणि एक प्रकरण लिहिलं, ‘वापरून सांगितलेलं आणि ऐकून सांगितलेलं’. त्यात दोन रकाने. कोणाच्या उत्तरातलं किती पहिल्यात जातं आणि किती दुसऱ्यात. मी आमच्या कपाटात अख्खे प्रबंध बघितलेत ज्यांचा दुसरा रकाना कुणी कधी काढलाच नाही. त्यानं त्याच्या प्रकल्पात एवढंच लिहिलं की चार नंबरच्या आडाची जडता सर्वांत कमी आहे आणि अधिक माहितीसाठी समाजशास्त्र विभागाचा अमुक प्रकल्प पाहावा. तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी त्याला विचारलं, दुसऱ्या विभागाचा प्रकल्प संदर्भात कसा काय? आणि तिला विचारलं, याचा उपयोग काय? ती म्हणाली, ज्यांना वाटत होतं की पाणी वाईट आहे त्यांना आता कळलं की त्यांना माहीत नव्हतं. किती गुण मिळाले ते मी विचारलं नाही.

दोघांना ते मिळून ‘आविष्कार’ला न्यायचं होतं. विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 पासून चालते, पदवीच्या पोरांना त्यात वेगळा गट आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या पोरांना अनोळखी माणसासमोर उभं राहून आपलं काम सांगायला लावणारी तेवढी एकच जागा आहे. पण तिथं सहा विभाग. मानव्यविद्या-भाषा-ललित कला एका बाजूला, शुद्ध विज्ञान दुसऱ्या बाजूला. फॉर्मवर एकाच चौकोनात खूण करायची असते. आंतरविद्याशाखीय हा शब्द धोरणाच्या पानापानावर आहे, फॉर्मवर त्याला चौकोन नाही. शेवटी दोघांनी वेगवेगळे फॉर्म भरले. सभागृहाच्या एका टोकाला त्याचं पोस्टर, दुसऱ्या टोकाला तिचं, आणि मधे सोयाबीनची मळणी करणारं यंत्र. बघायला येणाऱ्याला ती हातानं दाखवायची, त्या पलीकडच्या पोस्टरवर जा, मग परत या. काही जण खरंच गेले आणि परत आले.

यंदा दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा हापशांवर काम करायचं म्हणतोय. भौतिकशास्त्राचा आहे, पण त्याचे आजोबा पंचायत समितीत हापसे दुरुस्त करायचे, त्यामुळे त्याला दांड्याच्या तरफेइतकाच आजोबांच्या गोष्टींत रस आहे. त्याला मी सांगितलं की देशभर गेलेला इंडिया मार्क टू हातपंप एका अर्थानं आपल्याकडचाच आहे. 1960 च्या दशकात जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी बिडाचे पंप मोडतात म्हणून पोलादी पंप करून बघितला. त्याच्यावरून सोलापूरचा पंप निघाला, आणि 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडायला लागल्यावर त्या धर्तीवर मार्क टू आला. तो जालन्याला जाऊन जुनी माणसं शोधणार आहे. सोबत नवी वही दिलीय, मधोमध रेघ मारून.

जालन्याकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरात त्या पहिल्या पंपांबद्दल काही बोललं जात असेल, कुणी ते बसवताना बघितले असतील, तर खाली लिहा, मी त्याला पोचवतो. फक्त तुम्ही स्वतः पाहिलंय का तसं म्हणतात, तेवढं सोबत लिहा. दोन्हीला जागा आहे.